सलोख्याची रॅली, पोलिसांची परवानगी आणि निकालाची शेवटची ओळ

सभा-मोर्च्यांच्या परवानगीवर संशोधन करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिला तक्ता असा बनवतात: याचिका कोणाची, न्यायालय कोणतं, परवानगी मिळाली की नाही. शेवटच्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’. मग ‘हो’ मोजायचे आणि न्यायालयं सभास्वातंत्र्याच्या बाजूची आहेत की नाहीत ते सांगायचं. माझं म्हणणं असं की या तक्त्यातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते. आणि ती फक्त आपल्या तक्त्यातूनच नाही, निकालांमधूनही निसटते.

उदाहरणासाठी धार्मिक सलोख्याच्या रॅली घेऊ. यांच्या नावातच शांतता आहे, म्हणजे वाद कमी असायला हवेत. प्रत्यक्षात तसं दिसत नाही.

आधी कायदा थोडक्यात. शांततेने आणि शस्त्रांशिवाय जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. त्यावर वाजवी बंधन घालायला १९(३) मध्ये दोनच कारणं दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. बस. १९७२ च्या हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांचा एक नियम होता. तो मुंबई पोलीस कायदा, १९५१ खाली केलेला होता. हाच कायदा आपल्याकडे आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, पण परवानगी देणं-नाकारणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तेव्हा तो नियम रद्द झाला. तत्त्व स्पष्ट आहे. गडबड होते ती पुढे.

तमिळनाडू: मागितला ऑक्टोबर, मिळाला एप्रिल

२ ऑक्टोबर २०२२ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाला तमिळनाडूत ठिकठिकाणी पथसंचलन करायचं होतं. त्याच दिवशी विडुदलै चिरुतैगळ कच्ची (व्हीसीके) आणि डाव्या पक्षांना सामाजिक सलोख्यासाठी मानवी साखळी करायची होती. मद्रास उच्च न्यायालयाने २२ सप्टेंबरला संचलनाच्या बाजूने आदेश दिला. २८ सप्टेंबरला केंद्राने पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडियावर बंदी घातली, आणि मग राज्य सरकारने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन संचलन आणि साखळी दोन्ही नाकारलं.

साखळी ११ ऑक्टोबरला झाली. संचलनाचं प्रकरण लांबत गेलं. ४ नोव्हेंबरला एकल न्यायाधीशांनी ४४ ठिकाणी परवानगी दिली, पण बंदिस्त मैदानात किंवा आवारात. म्हणजे पथसंचलन, पण पथ वगळून! १० फेब्रुवारी २०२३ ला खंडपीठाने तो आदेश बाजूला ठेवला. ११ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारची अपिलं फेटाळली.

आपल्या तक्त्यात इथे ‘हो’ पडेल. पण गांधी जयंतीला मागितलेली गोष्ट एप्रिलमध्ये मिळाली तर तो ‘हो’ कसला? संघाच्या विचारांशी आपण सहमत असू वा नसू, हा प्रश्न तोच राहतो. आणि सलोख्याच्या कार्यक्रमाला तो जास्तच लागतो, कारण असा कार्यक्रम बहुतेकदा कशाला तरी दिलेलं उत्तर असतं. २ ऑक्टोबरची साखळी ११ तारखेला केली तर माणसं तीच असतील, घोषणा त्याच असतील, पण उत्तर देण्याचा दिवस उलटून गेलेला असतो.

यातला दुसरा मुद्दा ‘दोघांनाही नाही’ हा. दोन्ही बाजूंना नकार दिला म्हणजे आपण निष्पक्ष, असं सरकार गृहीत धरतं. पण हक्क दोघांचाही असेल तर दोघांनाही नाकारणं ही निष्पक्षता नाही, ती फक्त दोन वेळा केलेली एकच चूक आहे. पोलिसांची अडचण खरी असते, हे मान्य. एकाच शहरात एकाच दिवशी दोन विरोधी गट, आणि बंदोबस्त मर्यादित. पण मार्ग वेगळे करा, वेळा वेगळ्या करा; हिंमतलालमधलं ‘नियमन’ म्हणजे हेच.

कोलकाता: इथे नकार पोलिसांचा नव्हता

२२ जानेवारी २०२४, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचा दिवस. ममता बॅनर्जींनी त्याच दिवशी हाजरा ते पार्क सर्कस अशी सर्वधर्मीय ‘संहति’ रॅली जाहीर केली. सत्ता त्यांची, पोलीस त्यांच्या सरकारचे. परवानगीचा प्रश्नच नव्हता. न्यायालयात गेले ते विरोधी पक्षनेते शुभेंदू अधिकारी, रॅली त्या दिवशी होऊ नये म्हणून. १८ जानेवारीला कलकत्ता उच्च न्यायालयाने रॅली थांबवायला नकार दिला, पण अटी घातल्या: कोणत्याही समाजाच्या भावना दुखावतील असं बोलायचं नाही, आणि उल्लंघन झालं तर आयोजक जबाबदार.

तारीख वाचली, हे चांगलंच झालं. पण अट नीट वाचा. ‘भावना दुखावणं’ हे कारण १९(३) मध्ये नाही. भाषणापुरता विचार केला तर १९(२) मध्येही ते या शब्दांत नाही. दोन समाजांत वैर पसरवलं तर त्यासाठी दंड संहितेचं कलम १५३-क तेव्हा होतंच. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. मग या अटीने नवीन काय केलं? गुन्हा घडायच्या आधीच आयोजकाच्या डोक्यावर जबाबदारी ठेवली. सत्ताधारी पक्षाला ती जड जात नाही. मोहल्ला कमिटीला जाते. सलोख्याबद्दल बोलायचं तर कुठे काय बिघडलं तेही बोलावं लागतं, आणि ते बोललं की कोणाची तरी भावना दुखावतेच.

आणखी एक: तमिळनाडूत व्हीसीकेचे नेते थिरुमावळवन यांनीही संघाला परवानगी देणारा आदेश मागे घ्यावा म्हणून न्यायालयात धाव घेतली होती. म्हणजे ‘सलोख्याची बाजू’ दर वेळी परवानगी मागणारीच असते असं नाही. नाव बघून बाजू ठरवू नका.

मग चांगलं वाचन कसं असतं?

औरंगाबाद खंडपीठाचा फेब्रुवारी २०२० चा बीडचा निकाल वाचा. माजलगावला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध धरणं धरायचं होतं, आणि अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा जमावबंदी आदेश आडवा आला होता. आदेश दिसायला सगळ्यांसाठी होता. न्यायालयाने तो कोणत्या परिस्थितीत आणि कोणासाठी निघाला ते तपासलं, आणि खरा रोख या आंदोलकांवर आहे असं म्हणून तो रद्द केला. न्यायालयाने कागदाच्या शीर्षकावर समाधान मानलं नाही. आपणही मानू नये.

तेव्हा तुमच्या तक्त्यात हे रकाने वाढवा: अर्ज केल्याची तारीख, नकाराची तारीख, मागितलेला दिवस, मिळालेला दिवस. मग अटींचे दोन भाग करा: जागा-वेळ-मार्गाच्या अटी वेगळ्या, बोलण्यावरच्या वेगळ्या. आणि कोण थांबवतंय ते लिहा: पोलीस, सरकार की प्रतिस्पर्धी.

एक मर्यादा मात्र या तक्त्यातही राहील. उच्च न्यायालयापर्यंत पोचतात ते वकील परवडणारे. ठाण्यात ‘साहेब बंदोबस्तात आहेत, नंतर या’ एवढं ऐकून परत गेलेल्या माणसाचा निकाल कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतो. त्याच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून ठाण्यातली आवक-जावक नोंदवही मागावी लागेल. काम कंटाळवाणं आहे, पण विषय निवडणार असाल तर सुरुवात तिथून करा.