चाळीसपैकी चोवीस

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधील गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. चलथाणच्या एका डाइंग मिलमध्ये काम करणारे एक खानदेशी पालक माझ्या कचेरीत आले. मुलगा दहावी पास झालेला, गणितात बरा. पण गावाकडच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितले होते, ‘बुद्धीला बळ नाही, शिक्षणात पैसा घालू नका.’ शेजारच्या गुजराती महाराजांनीही ‘जन्माक्षर’ पाहून तशीच मान हलवली होती. तेव्हा पोराला मिलमध्येच लावावे, असा घरचा विचार होता.

मी मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेला माणूस. कपाटातले कात्रण काढून डॉ. जयंत नारळीकरांच्या प्रयोगाची हकिगत त्यांना वाचून दाखवली आणि शेवटी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “विज्ञानाने हे सगळे खोटे ठरवले आहे!” त्यांनी शांतपणे विचारले, “सर, त्यात एकानं चाळीसपैकी चोवीस बरोबर सांगितल्या, असं तुम्हीच वाचलंत. आमचे जोशीबुवा तसेच असले तर?”

मला उत्तर सुचले नाही. म्हणून तो शोधनिबंध, एखादा ग्रंथ परीक्षणासाठी घ्यावा तसा, मी पुन्हा वाचला.

नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे या चौघांचा हा निबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात 2009 साली आला. शंभर हुशार विद्यार्थी आणि विशेष शाळांतील शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे पत्रिका त्यांनी जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस सरमिसळ करून पाठवल्या. पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ओळखायचे. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. सरासरी यश शेकडा 46. सर्वांत वरचा गुण चोवीस. दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहणाऱ्या एका संस्थेची 102 उत्तरे बरोबर आली.

या निबंधाचा पहिला गुण असा, की उत्तीर्ण होण्याची रेघ आधीच आखलेली होती. चाळीसपैकी निदान अठ्ठावीस. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली, तर अठ्ठावीस किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. निकाल पाहून रेघ खालीवर सरकवण्याची सोय कोणालाच नव्हती.

आता चोवीसचे काय? नाणे उडवणाऱ्यालाही चोवीस किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे तेरा आहे. म्हणजे सत्तावीस माणसे नाणी उडवत बसली, तर त्यांतील तिघाचौघांना इतके गुण सहज मिळावेत. येथे तर एकालाच मिळाले. वर्गातल्या सगळ्या मुलांनी अंदाजाने खुणा केल्या तरी कोणीतरी पहिला येतोच. म्हणून तो हुशार ठरत नाही. पालकांच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे माझ्या विरुद्ध जाते. समजा, एखाद्याला खरोखरच दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखण्याची विद्या आहे. अठ्ठावीसची रेघ तोही आठांतून एकदाच गाठेल. तेव्हा एकटा माणूस नापास झाला, एवढ्यावरून त्याच्याजवळ काहीच नाही, असे म्हणता येत नाही. सगळ्यांचे गुण एकत्र धरले तेव्हा कुठे चित्र स्पष्ट होते. ही विद्या सर्वांना असती, तर सरासरी शेकडा साठच्या आसपास दिसली असती. ती पन्नासाच्याही खाली राहिली. पण ज्या चोवीस जणांनी उत्तरेच पाठवली नाहीत त्यांच्याविषयी, आणि गावाकडच्या जोशीबुवांविषयी, हा प्रयोग मुका आहे. पुरावा सापडला नाही, असे निबंध म्हणतो. ‘खोटे ठरवले’ हे शब्द माझे होते, आणि तो माझाच उतावीळपणा होता.

या घोटाळ्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. संख्याशास्त्रात आपण ‘सार्थक फरक’ म्हणतो. गुजरातीतही ‘सार्थकता’ हाच शब्द आहे. जन्माचे सार्थक झाले, असे म्हणणाऱ्या माणसाला त्यात काही थोर, मोलाचे असल्याचा भास होतो. वास्तविक अर्थ अगदी बेताचा. खरोखर काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, इतकेच. फरक मोठा आहे की क्षुल्लक, सिद्धांत खरा असण्याची शक्यता किती, हे त्यात येत नाही. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला 2016 साली निवेदन काढून हेच बजावावे लागले.

आणि बोट काही एकट्या जोशीबुवांकडे दाखवता येणार नाही. 2015 साली मानसशास्त्रातील शंभर छापील प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळच्यांपैकी शेकडा 97 ‘सार्थक’ होते. दुसऱ्यांदा केवळ 36 तसे उतरले. ज्या विषयात मी पदवी घेतली, त्याची ही कथा! शाळेत कल चाचणी होते, तिचा कागदही मी आता पूर्वीइतक्या ठामपणे पालकांच्या हाती ठेवत नाही.

त्या पालकांना मी पुन्हा बोलावून घेतले. म्हणालो, “भाऊ, तुमचे जोशीबुवा खोटे आहेत, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण पोराला शाळेतून काढायचे, तर पुरावा काढणाऱ्याने द्यायचा. सत्तावीस जणांनी मिळून नाण्याहून बरे काही दाखवले नाही. उलट याच्या गणिताच्या तीन वर्षांच्या वह्या माझ्यासमोर आहेत.”

ते बराच वेळ त्या वह्या चाळत बसले. नंतर म्हणाले, “फॉर्म द्या सर. पत्रिका मात्र मी फाडणार नाही.”

फाडा असे मी म्हटलेही नाही. फॉर्म भरून घेतला.