कुणाचा कान खरा? खोलीचा आवाज मोजणाऱ्या प्रोग्रॅमांविषयी

मंडळी, तत्त्वज्ञानाचा माणूस आज सॉफ्टवेअरवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. शंका रास्त आहे. पण आमचा प्रबंध प्रामाण्यवादावर होता, म्हणजे झालेलं ज्ञान खरं हे कशावरून, या प्रश्नावर. घरातल्या स्पीकरचा आवाज मोजायला कोणता प्रोग्रॅम घ्यावा, हा प्रश्न त्याच्या अगदी शेजारी राहतो.

सुरुवात भांडणातून झाली. धाराशिवच्या आमच्या घरातली ऐकायची खोली १४ बाय १० फूट, उंचीही १० फूट. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली फरशी. आम्ही मधोमध आरामखुर्चीत, सौ. कोपऱ्यातल्या दिवाणावर. ख्याल लावला की त्या म्हणायच्या, तंबोरा नुसता घुमतोय, आणि वरचा आवाज कानात टोचतोय. आम्ही म्हणायचो, छे, उलट खर्ज पोकळ आहे आणि वरचं तर काही ऐकूच येत नाही. मग आम्ही ट्रेबलची खुंटी थोडी थोडी फिरवत राहिलो. मनात एक भीती होती, ती घरात बोललो नव्हतो. कान गेले की काय?

प्रथम मोबाइलवरचं फुकट अॅप घेतलं. ते लवकर सोडलं. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. खालच्या सुरांशी त्याचं देणंघेणं कमी. मग एका शहरातल्या दुकानदाराने स्वतःच मोजणारा आणि स्वतःच दुरुस्त करणारा अॅम्प्लिफायर दाखवला. माइक चार-सहा जागी ठेवा, बटण दाबा, झालं. आम्ही विचारलं, मोजलं काय ते दाखवा. तो म्हणाला, "सर, ते बघायची गरजच नाही." इथे आमचं मन उडालं. निकाल द्यायचा आणि साक्षीपुरावा दाखवायचा नाही, असं न्यायालय कुणाला चालेल?

शेवटी आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड. जॉन मल्काही या गृहस्थांनी केलेला, विनामूल्य. काही जादा सोयींनाच पैसे पडतात. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतो. क्रोएशियातल्या स्प्लिटचे इवो मातेल्यान यांचा आर्टाही चांगला आहे, पण तो विंडोजपुरता, आणि स्वतः स्पीकर बांधणाऱ्याला अधिक उपयोगी. स्मार्ट नावाचा जो आहे तो मैदानातल्या, मांडवातल्या साउंडवाल्यांचा. घरासाठी तो घेणं म्हणजे शेळीसाठी बैलगाडी जुंपणं.

आता हे प्रोग्रॅम करतात काय? स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा एक सूर सोडतात, २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत. त्याला स्वीप म्हणतात. आमच्या गल्लीतली कुत्री त्याला दुसरं काहीतरी म्हणत असावीत. माइक तो सूर खोलीसकट पकडतो, आणि प्रोग्रॅम गणित करून खोलीचं उत्तर वेगळं काढतो. २०००च्या पॅरिस परिषदेत आंजेलो फारिना यांनी या चढत्या सुराची जी पद्धत मांडली, तिचा मोठा गुण असा की स्पीकरची स्वतःची विकृती खोलीच्या उत्तरापासून बाजूला पडते.

पण म्हणजे बघा, पडद्यावर जी रेघ दिसते ते प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. धूर पाहून अग्नी म्हणावा तसं. आणि त्यामागे एक गृहीत आहे की सूर चढत असताना खोलीत काही बदललं नाही. पंखा चालू ठेवून मोजलंत तर गृहीत तिथेच मोडलं. शिवाय रेघ किती गुळगुळीत करायची हे आपण ठरवतो. तेच मोजमाप अष्टकाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाने पाहा, करवतीचे दात दिसतील; तिसऱ्या भागाने पाहा, बालाघाटची सौम्य टेकडी दिसेल. दुकानात टांगलेल्या सुंदर रेघा बहुतेक टेकडीवाल्या असतात.

न्यायसूत्रांत तराजूचं उदाहरण आहे. तराजूने सोनं तोलतो, तेव्हा तो प्रमाण. पण तोच तराजू बरोबर आहे का हे ठाऊक असलेल्या सोन्याने तपासतो, तेव्हा तो प्रमेय. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही गोष्ट, आणि मिनीडीएसपीचा यूमिक-१ माइक घेतला की ती पुन्हा हातात येते. प्रत्येक माइकला क्रमांक, आणि त्या क्रमांकाची दुरुस्तीची फाइल वेगळी. माइक स्पीकरकडे रोखलात तर एक फाइल, छताकडे उभा धरलात तर दुसरी. आम्ही पहिल्या रात्री चुकीची लावली होती, आणि वरच्या सुरांवर तासभर पांडित्य केलं. म्हणून म्हणतो, प्रोग्रॅमवर डोकं खपवण्याआधी पैसा माइकवर घाला.

आता खोलीचं ऐका. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १४ फुटांच्या लांबीला ४० हर्ट्झचा सूर भरतो, १० फुटांच्या रुंदीला ५६. उंचीही १० फूट, म्हणजे तोच ५६ पुन्हा. आणि लांबी-रुंदी मिळून होतो ६९. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज किती? सुमारे ६९. (मे महिन्यात हवा तापते, वेग वाढतो, आणि हे आकडे एक-दोन हर्ट्झ वर सरकतात, तंबोरा पुन्हा लावता येतो, भिंती लावता येत नाहीत.) हा ६९ कोपऱ्यात सर्वांत जोरात असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नसतोच. आरईडब्ल्यूत दिवाणाची रेघ आणि खुर्चीची रेघ एकावर एक ठेवली. एकीला डोंगर, दुसरीला त्याच जागी खड्डा. सौ. खऱ्या होत्या. आम्हीही खरे होतो. त्या स्वयंचलित यंत्राने दोन्ही जागा मिळून एकच हिशोब केला असता, आणि तो दोघांपैकी कुणाच्याच कानाचा नसता.

तो खड्डा भरायचा मोह आम्हाला झाला, कबूल करतो. इक्वलायझरने १० डेसिबल चढवले, म्हणजे अॅम्प्लिफायरवर दहापट भार. दोन लाटा एकमेकींना खोडतात तिथे कितीही ओता, तेही खोडलंच जातं. खुर्चीत फरक पडला नाही, दिवाणावरून सौ. उठून गेल्या, आणि आठवड्यात एक वूफर जळाला. दोष प्रोग्रॅमचा नाही, आमचा.

बऱ्याच प्रोग्रॅमांत एक आदर्श रेघही असते, टार्गेट कर्व्ह. ती डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, जिप्समच्या भिंती थरथरतात आणि खालचे सूर थोडे पितात. आमच्या विटा-काँक्रीट ते परत करतात. आमच्या लहानपणचं उमरग्याकडचं घर माळवदाचं होतं. मातीची जमीन, सारवण, खुंट्यांवर वाकळा. टाळी वाजवली तर तिथल्या तिथे विरायची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भागातली माळवदं माणसांवर कोसळली. त्यानंतर लोक स्लॅबखाली गेले, ते योग्यच झालं. पण घराचा आवाज बदलला. आमची खोली रिकामी धरली तर सॅबाइनच्या सूत्राने तिचा नाद विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. त्या सॅबाइनने १८९५च्या सुमारास हार्वर्डमध्ये ऑर्गनचा पाइप, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचा कान एवढ्यावर मोजलं. आवाज शोषायला नाटकगृहातल्या बैठकींच्या गाद्या आणल्या. आम्ही घरातल्या कापसाच्या गाद्या आणि सहा वाकळा लावल्या.

राहिला वरच्या सुरांचा वाद. मोजताना नात शेजारी होती. स्वीप चढत गेला, आम्ही म्हणालो, संपलं. ती म्हणाली, "आजोबा, थांबा, अजून चालूय." पडद्यावर रेघ सरळ पुढे जात होती, उलट ट्रेबलकडे ६ डेसिबल वर उचललेली. म्हणजे भीती खरी होती. खोली, स्पीकर, माइक, सगळे निर्दोष सुटले.

आता खुर्ची मध्यापासून दोन फूट मागे आहे, दिवाण कोपऱ्यातून बाहेर ओढला आहे, आणि ट्रेबलची खुंटी नातीने बाराच्या ठोक्यावर उभी करून ठेवली आहे. आम्हाला तिथे हात लावायची परवानगी नाही. प्रश्न असतील तर विचारा, जरा मोठ्याने.