सालेम खटल्यांवरील ललित साहित्य आणि ऐतिहासिक सत्याचा प्रश्न

ऐतिहासिक ललितकृतीत लेखकाने किती स्वातंत्र्य घ्यावे, ही चर्चा बहुधा तपशिलांच्या मोजदादीत अडकते. मॅसॅच्युसेट्समधील सालेम येथील १६९२ च्या चेटूकविषयक खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्यांपैकी १४ स्त्रिया होत्या. (जाळले कोणालाही नव्हते, तरी तसा समज रूढ आहे.) या घटनेवरील आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ (१९५३) हे नाटक मॅकार्थीकालीन चौकशीसत्रांचे रूपक म्हणून अभ्यासले जाते.

मिलर यांनी अकरा-बारा वर्षांच्या ॲबिगेल विल्यम्सला सतरा वर्षांची केले, साठीच्या जॉन प्रॉक्टरला तिशीत आणले आणि दोघांत कागदपत्रांत कोठेही नसलेला अनैतिक संबंध कल्पिला. ॲबिगेलचे वय वाढविल्याची कबुली ते आरंभीच्या टिपणात देतात; नाट्याची गरज म्हणून ते क्षम्यही ठरते. मात्र प्रत्येक पात्राची अखेर मूळ व्यक्तीच्या अखेरीप्रमाणेच आहे, हा त्याच टिपणातील दावा टिकत नाही. नाटकातील सारा गुड साठीला टेकलेली, भ्रमिष्ट असून गुन्हा कबूल करून फाशी टाळते. वास्तवातील सारा गुड चाळिशीच्या आतली, दारोदार मागून जगणारी स्त्री होती. तिचे तान्हे मूल तुरुंगात दगावले, जेमतेम चार-पाच वर्षांच्या मुलीलाही कैद झाली. तिने आरोप अखेरपर्यंत नाकारला आणि १९ जुलै १६९२ रोजी ती फासावर गेली. खोट्या कबुलीस नकार देण्याचे तेज हा या नाटकाचा गाभा. रिबेका नर्सचा अपवाद वगळता ते मुख्यतः प्रॉक्टरच्या वाट्याला येते. भिकारणीचा नकार मात्र कबुलीत बदलतो. ही तपशिलाची चूक नव्हे. येथे नाटकाच्या नैतिक मांडणीलाच तडा जातो.

मारीझ काँदे यांची तितुबावरील फ्रेंच कादंबरी (१९८६) वरकरणी याहून बेफिकीर आहे. तुरुंगात तितुबाची भेट चक्क हॉथॉर्नच्या कादंबरीतील हेस्टर प्रिनशी होते! परंतु हा कालविपर्यास उघड आहे. तो वाचकाला फसवीत नाही. शिवाय तितुबाच्या मूळ जबानीचा भाग कादंबरीत अंतर्भूत असल्याने दस्तऐवज कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते, हे कळते. सुटकेनंतर तितुबाचे काय झाले याविषयी कागदपत्रे मौन पाळतात. नेमक्या त्या मौनात काँदे यांची कल्पना संचार करते. नोंद खोडणे आणि नोंदीतील रिकामी जागा भरणे यांत मूलभूत भेद आहे.

तथापि काँदेही पूर्णतः निर्दोष नाहीत. खटल्याच्या कागदपत्रांत तितुबाचा उल्लेख सातत्याने ‘इंडियन’ असा, म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी म्हणून येतो. तिला आफ्रिकी वंशाची मानण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील लेखनातून पुढे आली. काँदे तीच स्वीकारतात आणि तिला आफ्रिकी मातेची कन्या करतात. एका विस्मृत स्त्रीला वाणी देताना तिची मूळ ओळख पुन्हा एकदा पुसली जाते, आणि या वेळी ती पुसणारी लेखिका तिच्याच बाजूची आहे.