साक्षीदार कुठे उभा होता?

वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. 'भारत छोडो'चा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. पोलिसांनी गोळीबार केला, आंदोलक मारले गेले आणि जमावाच्या हातून पोलीसही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट बहुतेक इथेच संपते. पण ठाण्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी काय दिसलं, हे समजून कसं घ्यायचं? त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं पुस्तक आष्टीवरचं नाहीच. ते आहे शाहिद अमीन यांचं चौरीचौऱ्यावरचं 'इव्हेंट, मेटाफर, मेमरी' (१९९५).

फेब्रुवारी १९२२. गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौऱ्यात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, जमावाने ठाणं पेटवलं आणि पोलीस आत जळून मेले. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. शेवटी १९ जण फासावर गेले.

अमीन विचारतात, हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? कोर्टात मुख्यतः मीर शिकारीने. तो माफीचा साक्षीदार, म्हणजे त्याचा जीव त्याच्याच जबानीवर टांगलेला. लॉग फाइल वाचणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल: लॉगमध्ये तेवढंच असतं, जेवढं नोंदवायला सांगितलेलं असतं. कोर्टाला हवं होतं, कोण होतं आणि कुणी काय केलं. भीतीसाठी रकानाच नव्हता.

म्हणून पुस्तकातली माझी आवडती साक्षीदार आहे नौजादी. या खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाची ही विधवा. तिला स्वयंसेवक, तिच्या बोलीतले 'ओटियार', गेरव्या कपड्यांत आठवतात. आपल्या डोक्यातला पांढऱ्या खादीतला सत्याग्रही तिच्या आठवणीत नाहीच. दुसऱ्या कुणी 'म्हातारीचा गोंधळ' म्हणून हे सोडून दिलं असतं. अमीन नेमके तिथेच थांबतात.

पुस्तकाबद्दल तक्रारही आहे. छोट्या प्रकरणांतून ते सतत मागेपुढे उड्या मारतं. फोनवर तुकड्यातुकड्यांत वाचलं तर धागा हरवतो. तरी सरळ टाइमलाइन दिली असती, तर ती बहुधा पोलिसांचीच झाली असती.

आता पुन्हा आष्टी. आष्टी-चिमूरच्या खटल्यांतही फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९४५ मध्ये त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे तेव्हा 'मी पाहिलं' म्हणणारा माणूस शेजाऱ्याच्या गळ्याला फास लावू शकत होता. स्वातंत्र्यानंतर त्याच शब्दांनी शेजारी वीर ठरू लागला. वाक्य तेच, वजन वेगळं. कुठल्याही आठवणीत ही दोन्ही वजनं तपासायला हवीत.

तेव्हाचं दहा वर्षांचं पोर आज नव्वदीच्या पुढे आहे. असं कुणी भेटलं, तर रेकॉर्डर सुरू करून 'किती गोळ्या झाडल्या' एवढंच विचारू नका. सणाचं काय शिजलं होतं, त्या रात्री चूल कुणी पेटवली, मेलेल्या पोलिसांना गावात कोण ओळखत होतं, हेही विचारा. त्याने हुतात्मे लहान होत नाहीत. दगडावर कोरलेली नावं पुन्हा माणसं होतात.