उन्हाळी अवर्षण आणि हवामान-संसाधनांचे मोजमाप : एक चिकित्सा

अन्नपिकांच्या दृष्टीने प्रकाश, उष्णता आणि ओलावा ही हवामानाची प्रमुख संसाधने मानली जातात. एखाद्या प्रदेशाचे मूल्यमापन करताना त्यांची बहुधा स्वतंत्र नोंद घेतली जाते. ही पद्धत सोयीची असली, तरी उन्हाळी अवर्षणाच्या काळात ती कितपत विश्वसनीय ठरते, हे तपासणे आवश्यक आहे.

या संदर्भात सोव्हिएत कृषिहवामानतज्ज्ञ सेल्यानिनोव यांचा जलौष्णिक गुणांक विचारात घेण्याजोगा आहे. दैनिक सरासरी तापमान १०° से.पेक्षा अधिक असलेल्या काळातील पावसाला (मि.मी.) त्याच काळातील तापमानांच्या बेरजेच्या दशांशाने भागून तो काढला जातो. तीस दिवसांचे सरासरी तापमान २०° आणि पाऊस ६० मि.मी. असल्यास गुणांक १ येतो. तापमान २५° झाले व पाऊस निम्म्यावर आला, तर तो ०.४ वर घसरतो. तापमानांची जी बेरीज उष्णतेच्या तक्त्यात जमेस धरली जाते, तीच येथे ओलाव्याचा खर्च दर्शविते. म्हणजेच ओलाव्यावाचून उष्णता हे संसाधन नसून भार आहे.

रशियातील २०१० चा उन्हाळा याची साक्ष देतो. त्या वर्षी उष्णतेची उणीव नव्हती. २९ जुलै रोजी मॉस्कोत ३८.२° तापमान नोंदले गेले. तथापि २००९ मध्ये सुमारे ९७० लाख टन असलेले धान्योत्पादन सुमारे ६१० लाख टनांपर्यंत घटले आणि १५ ऑगस्टपासून धान्यनिर्यातीवर बंदी आली.

मात्र हा गुणांकही निर्दोष नाही. जमिनीत आधीच मुरलेल्या ओलाव्याची त्यात गणना होत नाही. सोलापूर परिसरातील रब्बी ज्वारी हे याचे बोलके उदाहरण होय. तिच्या वाढीच्या काळात पाऊस अत्यल्प असतो. त्यामुळे गुणांक शून्याजवळ येतो. तरीही खोल काळ्या जमिनीतील ओलीवर पीक उभे राहते. उथळ, मुरमाड रानात मात्र तेच पीक सुकते. गुणांक दोन्हीकडे सारखाच असतो. थॉर्नथ्वेट व मॅथर यांच्या १९५५ च्या जलसंतुलन पद्धतीत मृदेतील साठ्याला स्थान आहे, ही तिची जमेची बाजू.

सारांश, हवामान-संसाधनांची केवळ बेरीज पुरेशी नाही. पिकाची अवस्था, जमिनीची खोली आणि उपलब्ध ओल यांच्या संदर्भातच त्यांचे मूल्य ठरते. हा संदर्भ वगळून आखलेले पीकनियोजन कागदावर समृद्ध दिसेल. त्याची किंमत मात्र कोरडवाहू शेतकऱ्याला मोजावी लागेल.