खून झाला, पण चूल शाबूत: एक आयरिश रहस्यकथा राजूरहून वाचताना

माझ्या पीएचडीचा विषय आहे लोकप्रिय रहस्यकथांमधलं अन्न. हे सांगितलं की राजूरमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे जेवणात विष घालतात, त्या गोष्टी का?" प्रश्न चांगला आहे. आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितेय, त्यात नेमकं तेच होत नाही.

पुस्तक आहे कार्लीन ओ'कॉनर यांचं 'मर्डर इन अॅन आयरिश व्हिलेज', २०१६ सालचं. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. कोझी म्हणजे उबदार, गोधडीत शिरल्यासारखं. खून होतो, पण रक्तपात डोळ्यांसमोर घडत नाही. तपास करणारी बाई बहुतेक वेळा पोलीस नसते. बेकरी, पुस्तकाचं दुकान, खानावळ असं काहीतरी चालवत असते. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. शेवटी खुनी सापडतो आणि गावाची घडी पुन्हा बसते.

इथलं गाव किलबेन, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातलं, काल्पनिक. शिव्हॉन ओ'सुलिव्हन ही तरुण मुलगी. आईवडील अपघातात गेले, म्हणून कॉलेज बाजूला ठेवून ती भावंडांना सांभाळते आणि घरचं छोटं हॉटेल चालवते. तिचा ब्राऊन ब्रेड गावात नावाजलेला. एक दिवस त्याच हॉटेलात खुर्चीवर एक माणूस मेलेला सापडतो, छातीत न्हाव्याची कात्री. संशय तिच्या भावावर येतो आणि शिव्हॉन कामाला लागते.

हत्यार कात्री आहे, हे लक्षात ठेवा. प्रेत हॉटेलात आहे, पण पाव निर्दोष आहे. शिव्हॉनच्या हातचं खाऊन कुणी मेलेलं नाही. माझ्या मते पुस्तकाचं सगळं गणित या एका निवडीवर उभं आहे.

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये रहस्यकथांवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा कथेतलं गाव आधी निष्पाप वाटलं पाहिजे, तरच तिथलं प्रेत धक्का देतं. गुन्हेगार सापडला की गावाला आपला निष्पापपणा परत मिळतो. वाचकाला हवं असतं ते हे परत मिळणं. कोझीमध्ये हा निष्पापपणा दाखवायचं काम स्वयंपाकघर करतं. गरम पाव आणि चहा असेल तर गाव मुळात चांगलंच असणार, असं आपण न सांगता धरून चालतो.

अन्नाची आणखी दोन कामं आहेत. एक, माणसं बोलती होतात: हॉटेलवालीच्या कानावर सगळं पडतं, तिला चौकशीचा परवाना लागत नाही. दुसरं, वेळ कळते: कोण किती वाजता आलं, कुणाचा कप अर्धा राहिला. ओ'कॉनर ही दोन्ही कामं सफाईने करून घेतात. भावंडांची जेवणाच्या टेबलावरची भांडणंही खरी वाटतात. मधला भाग थोडा लांबतो, पण पुस्तक हातातून सुटत नाही.

आता हीच कथा राजूरला आणून बघू. भंडारदऱ्याच्या वाटेवरचं हे बाजाराचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे, डांगी जनावरांचं प्रदर्शन इथे भरतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात. रहस्यकथेला लागणारी गर्दी आणि कुजबुज आयती हजर आहे.

तरी कथा लगेच अडते. पहिली अडचण: हॉटेलात चहा पीत बसणारे बहुतेक पुरुष. बायकांच्या गप्पा पिठाच्या गिरणीत, बचतगटात, बांधावर. दुसरी: आपल्याकडे कोण कुणाच्या घरचं खातं आणि कोण खात नाही, याला जातीचा मोठा इतिहास आहे. शिव्हॉनच्या टेबलाशी सगळं किलबेन बसतं. तसं एकच टेबल इथे गृहीत धरता येत नाही. तिसरी अडचण कायद्याची. किलबेनमधला पोलीस घरचाच वाटतो. पुढच्या पुस्तकांत तर शिव्हॉन स्वतःच पोलीस होते. आमच्या तालुक्याची आठवण वेगळी आहे. देवगावचे राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. कायद्याच्या लेखी ते बंडखोर, इथल्या लोकांच्या लेखी आद्य क्रांतिकारक. 'गुन्हेगार पकडला, गाव पूर्ववत झालं' हे वाक्य इथे सहज लिहिता येत नाही. पूर्ववत म्हणजे कुणाच्या बाजूने?

पण मग आयर्लंड तरी निष्पाप कुठे आहे? १८४५ पासून काही वर्षं तिथे बटाट्याचं पीक कुजलं. सुमारे १० लाख माणसं दगावली, जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात तिथून धान्य बाहेर जात होतं. कॉर्क परगण्याने ही भूक फार जवळून पाहिली. हे पुस्तक न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेचं आहे, आणि देश सोडून गेलेल्यांचे पणतू-खापरपणतू अमेरिकेत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी किलबेन हे न उजाडलेलं, भरल्या ताटाचं गाव आहे. ही ऊब खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उपाशी माणसांच्या वारसांनी भरलेल्या टेबलाचं स्वप्न पाहणं समजण्यासारखं आहे. पण पुस्तक त्या भुकेकडे वळून बघत नाही, आणि म्हणून त्याचं गाव चित्रासारखं सपाट राहतं. माझी मुख्य तक्रार हीच.

मराठीत अशी कथा झाली तर? बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड पुरुषी, धाडसी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पण शाळकरी पोरगा. चुलीपाशी बसून तपास करणारी बाई आपल्याला अजून हवी आहे. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधविभागात काम करत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथे मिळाली. सह्याद्रीतल्या म्हाताऱ्यांकडे ही विद्या दवाखान्याशिवाय आहे. शेवळाची भाजी तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं घालतात. काही कडू कंद उकडून, पुन्हापुन्हा धुऊनच खाता येतात. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की हेच ज्ञान घर जगवायचं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणून या विद्येचा एक कोपरा तरी जगाला दिसला.

अशी बाई नायिका असेल तर चुलीला निर्दोष ठेवायची गरज उरत नाही. अन्न आणि विष यांच्यात फक्त एका उकळीचं अंतर असतं, हे तिला कुणी शिकवायला नको. खून कुणी केला एवढंच ती विचारणार नाही. कुणाच्या घरात कणगी भरलेली होती आणि कुणाच्या नाही, हेही विचारेल. तोवर ओ'कॉनर यांचं पुस्तक जरूर वाचा, पावसाळ्यात तर खासच. फक्त वाचताना शिव्हॉनच्या टेबलाशी कोण बसलेलं नाही, तेही मोजत जा.