धोरण कुणाचे, कारभार कुणाचा? प्रसार भारती कायद्याची समीक्षा

1976 साली आकाशवाणीच्या कोलकाता केंद्राने महालयाच्या पहाटेचा ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम बदलला. बीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या जागी अभिनेते उत्तमकुमार यांचा आवाज आला. श्रोते इतके संतापले की मूळ कार्यक्रम परत आणावा लागला. निवेदक बदलणे हा रोजच्या कारभाराचा भाग, की धोरणाचा? तेव्हा आकाशवाणी सरकारी खाते होते, त्यामुळे ही विभागणी कायद्यात नव्हतीच. आज प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ आहे. त्याचा कायदा या प्रश्नाचे उत्तर देतो का, ते पाहू.

हा कायदा 1990 मध्ये संमत झाला आणि 1997 मध्ये अमलात आला. कलम 3 नुसार महामंडळाच्या कामकाजाचे पर्यवेक्षण, निदेशन आणि व्यवस्थापन, तिन्ही प्रसार भारती मंडळाकडे आहेत. कलम 5 नुसार कार्यकारी सदस्य हा मुख्य कार्यकारी अधिकारी. पण मंडळाच्या नियंत्रणाखाली, आणि मंडळ सोपवेल तेवढेच अधिकार त्याला. म्हणजे धोरण आणि कारभार यांतली रेषा कायद्याने आखलेली नाही. ती मंडळाच्या ठरावांवर सोडली आहे. शिवाय ज्याच्यावर देखरेख ठेवायची, तो अधिकारी स्वतः मंडळाचा सदस्य आहे. दोघांचे पटले तर काम चालते. बिनसले तर प्रत्येक फाइल अधिकारांचा वाद बनू शकते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कलम 23 नुसार सरकारने दिलेल्या निदेशाची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते. ही कायद्याची जमेची बाजू. पण वेतनाचा मोठा भार सरकारी अनुदानावर आहे, आणि 5 ऑक्टोबर 2007 पूर्वीपासूनचे सरकारी कर्मचारी प्रतिनियुक्तीवर मानले जातात. लेखी निदेश सर्वांना दिसतो, अनुदानाचा दबाव दिसत नाही. मंडळ आणि अधिकारी यांच्यातली रेषा कितीही नीट आखली, तरी पैशाची चावी तिसऱ्याच हाती राहते.

मग दोन्ही पूर्ण वेगळे केले तर? बीबीसीने 2007 मध्ये देखरेखीसाठी ट्रस्ट आणि कारभारासाठी कार्यकारी मंडळ अशी विभागणी केली. संकटात जबाबदारी नेमकी कुणाची, हेच धूसर झाले. 2017 मध्ये ट्रस्ट मोडून एकच मंडळ आणले गेले. तेव्हा भिंत बांधणे हा उपाय नव्हे. कोणता निर्णय कुणी घ्यायचा आणि नंतर जाब कुणी विचारायचा, याची जाहीर यादी हवी. माझ्या मते महालयाचा कार्यक्रम चालू ठेवणे हे धोरण, निवेदक निवडणे हा केंद्राचा अधिकार, आणि श्रोते दुखावल्यावर खुलासा मागणे हे मंडळाचे काम.

स्वाध्याय: तुमच्या राज्यातील आकाशवाणी केंद्राचे कोणतेही तीन निर्णय घ्या आणि याच कसोटीवर त्यांची विभागणी करा.